पुलाखालचं शून्य

४ फेब्रुवारी, मंगळवार

झालं! माझ्याच गळ्यात पडलं.

राजधानीहून ग्रंथ आला — 'राष्ट्रीय हवामान बदल धोरण : अंमलबजावणीचा आराखडा'. दोनशे चौदा पानं. साहेबांनी तो दोन्ही हातांनी उचलला, माझ्या टेबलावर ठेवला आणि हात झटकले. "प्रत्येक शहराने एक माणूस नेमायचाय. तुमचं अक्षर चांगलं आहे." वीस वर्षं नगरपालिकेच्या नकाशा विभागात रेघा ओढतेय, आणि पात्रता काय, तर अक्षर! बाकी सगळ्यांना त्याच क्षणी फार कामं निघाली.

५ फेब्रुवारी

वाचतेय. चांगलं आहे म्हणायचं जिवावर आलंय, पण आहे.

पान ८८. नदीकाठच्या प्रत्येक शहराने ३१ मार्चपर्यंत नवी पूररेषा आखायची. गेल्या तीस वर्षांत पाणी जास्तीत जास्त कुठवर चढलं, तिथे. आधी नकाशावर, मग खऱ्या भिंतींवर निळ्या रंगाने! रेषेच्या आत जी शाळा, जो दवाखाना येईल, तो योजनेच्या खर्चाने उंचावर हलवायचा.

आजवर मी काढलेल्या सगळ्या रेघा कपाटात गेल्या. ही भिंतीवर जाणार. मान्य करते, जरा हुरूप आला.

८ फेब्रुवारी

ग्रंथाच्या शेवटी शहरांची यादी आहे. आपलं शहर 'कमी जोखीम'. कारण — 'गेल्या दशकात पाणीपातळीत घट.' साहेब खूश. "म्हणजे आपल्याला काही करायचंच नाही!" जग तापतंय, सगळ्या नद्या चवताळल्यात, आणि आमची तेवढी शहाणी झाली. बरं.

काम सोपंच दिसतंय. तीस वर्षांच्या वह्या कपाटात आहेत, आणि शेवटची चार वर्षं सोडली तर त्यांतला एकूण एक आकडा बाबांचा. चार वर्षांपूर्वी थांबले तोवर रोज सकाळी आठला पुलाखाली जायचे, खांबावर रंगवलेली मोजपट्टी वाचायचे, लिहायचे. ऑफिसात त्यांचं नावच 'आठ वाजता' पडलं होतं. "आठ वाजता आले का?" असं लोक भर दुपारी विचारायचे. निवृत्त झाले तेव्हा मानपत्र मिळालं — 'तीस वर्षे अखंड नोंद'. ताईने हौसेने दिवाणखान्यात लावलं, बाबांनी काढून दाराच्या मागे लावलं. तिने पुन्हा पुढे आणलं, त्यांनी पुन्हा मागे नेलं. विनय म्हणजे किती असावा माणसाला!

वह्यांमधलं अक्षर मात्र माझं. बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चालून गेलेली. म्हणून दर डिसेंबरात मी घरी बसून वर्षाची सुवाच्य प्रत काढायची. ती इथे कपाटात राहायची, आणि बाबांच्या हातची मूळ वही राजधानीच्या गोदामात जायची.

तर, सर्वांत जास्त पाणी — सहा वर्षांपूर्वीचं. ६.१० मीटर. ताईच्या बालवाडीची फरशी ६.४५ वर. बालवाडी तीन वर्षांपूर्वी बांधली, जागेचा नकाशा मीच काढला होता. त्रेचाळीस मुलं, पस्तीस सेंटिमीटर कोरडी. देवा, बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी

रेषा कुठून जाते ते बघायला आज पायी फिरले. बालवाडीच्या शेजारच्या इस्त्रीवालीने दारातच अडवलं.

"रेघ कुठे मारणार?"

तिच्या पायरीच्या जरा वर बोट दाखवलं.

ती हसायलाच लागली. "अहो बाई, सहा वर्षांमागे पाणी माझ्या त्या खिळ्याला लागलं होतं! इस्त्री त्याच खिळ्याला टांगून आम्ही पळालो. परत आलो तर अख्खी इस्त्री चिखलाने भरलेली."

मी म्हटलं, वहीत तसं नाही. ती म्हणाली, "मग वहीला विचारा, इस्त्री कोणी धुतली."

तोंड आहे की कात्री!

१३ फेब्रुवारी

राहवेना. मोजणीची दुर्बीण घेऊन गेले आणि खिळ्याची उंची काढली. ६.७० मीटर.

लोक पाणी वाढवून सांगतात, हे मला माहीत आहे. प्रत्येकाच्या गोष्टीत पूर हातभर चढतोच. पण खिळा कुणाला गोष्ट सांगायला जात नाही.

तो खिळा खरा असेल, तर बालवाडीत पंचवीस सेंटिमीटर पाणी. बाकावर बसलेल्या मुलाच्या गुडघ्याला लागेल इतकं. आणि तो नकाशा माझा.

मूळ वह्या मागवल्या राजधानीहून. उत्तर — 'गोदामात शोध सुरू आहे.' म्हणजे आपल्या हयातीत येतीलच असं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पुलाच्या जुन्या नकाशात कठड्यापासून मोजपट्टीच्या शून्यापर्यंत ९.४० मीटर. आज टेप सोडून मोजलं — ८.८०. दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा शिपायाकडून मोजवलं.

शून्य साठ सेंटिमीटर वर सरकलंय!

म्हणजे आकडे सगळे साठने कमी. ६.१० नव्हे, ६.७०. बरोब्बर इस्त्रीवालीचा खिळा. नदी शहाणी-बिहाणी काही झालेली नाही. आम्हीच आमच्या गळ्याला पाणी असताना छातीला आहे म्हणत होतो. 'पातळीत घट'! आणि त्यावर राजधानीने आम्हाला शाबासकी दिली!

१८ फेब्रुवारी

रंगाऱ्याला गाठलं. पाण्याने रंग जातो, म्हणून मोजपट्टी दर उन्हाळ्यात हाच नव्याने रंगवतो. शिडीवरूनच बोलला, ब्रश न थांबवता.

"एका वर्षी सगळी खरवडून नव्याने केली होती बघा. खाली गाळ साठला होता ढीगभर. जुनं शून्य दिसेना."

"मग?"

"मग काय? जिथून खांब दिसत होता तिथून सुरू केलं."

"आणि ते कुणाला सांगितलंत?"

"'आठ वाजतां'ना सांगणार होतो. ते आलेच नाहीत तेवढ्या दिवसांत. मग राहिलं."

कुठल्या वर्षी? ते त्याला आठवत नाही. "बरीच वर्षं झाली." बाबा आले नाहीत, हेही त्याचं काहीतरीच. बाबा कधी गेले नाहीत असं झालंय का!

२० फेब्रुवारी

राजधानीच्या बाईंशी फोनवर बोलले. या कामावर देखरेख त्यांची आहे. आवाज कडक, पण ऐकून घेतात. म्हणाल्या, "शून्य आज चुकलंय हे पटलं. पण कधीपासून? गेल्या वर्षी चुकलं असेल, तर सहा वर्षांपूर्वीचा आकडा बरोबरच राहील. तारीख द्या. मोजपट्टी वाचणाऱ्या मापकाचं सहीचं निवेदन लागेल. पान १९०, नमुना तिथे आहे."

आणि खिळा? "खिळ्याचा नमुना नाही हो माझ्याकडे." हसल्या का? हसल्या बहुतेक.

म्हणजे सगळं घोडं तारखेवर अडलंय. सोपं आहे. वहीत एका दिवशी आकडा धाडकन साठने खाली आलेला दिसेल. तीच तारीख.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर वह्या. धाडकन काही नाही. कुठेच नाही.

मग अकरा वर्षांपूर्वीचा मे महिना. १ मे — ०.७५. ११ मे — ०.१५. मधले नऊ दिवस हळूहळू खाली : ०.७०, ०.६४, ०.५८… नदी अशी उतरत नाही. नदी एखादा दिवस थांबते, एखादा दिवस जरा चढते. हे आकडे जिना उतरल्यासारखे उतरले होते.

मला अजून कळलं नव्हतं. बोट फिरवत होते नुसतं. ७ मेवर आले.

'७ मे. सकाळी ८.०० — ०.४०.'

७ मेला सकाळी पावणेआठला आई गेली. आठ वाजता बाबा दवाखान्यात माझ्या शेजारी उभे होते. तिची चप्पल हातात घेऊन. कुणी मागितली तरी देत नव्हते.

ते नऊ दिवस बाबा नदीवर गेलेच नव्हते.

२२ फेब्रुवारी

बाबांशी जेवताना धड बोलले नाही. त्यांनी दोनदा विचारलं, "बरं नाही का?"

राग येतोय. तीस वर्षे अखंड! लहानपणी ताईच्या पेन्सिलीने मी एकदा खोटी सही केली, तर याच माणसाने मला तासभर उभं केलं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

ताईला सांगितलं. वाटलं होतं, मुलांसाठी तीच आधी उडी मारेल. रेषा वर गेली तर तिच्या बालवाडीला टेकडीवर नवी इमारत मिळेल.

तिने मुलांचे रंगीत कागद कापायचं थांबवलंच नाही. "नाही. बाबांकडून असलं लिहून घ्यायचं नाही."

"अगं, त्रेचाळीस मुलं आहेत!"

"मला मोजता येतात. मी पाऊस वाढला की सुट्टी देईन. कुठल्यातरी वरच्या मजल्याचं भाडं भरीन. पण त्यांच्याजवळ ते एकच आहे गं, ती अखंड नोंद. ती काढून घेतलीस तर काय उरतं?"

मी म्हटलं, ती नोंद खोटी आहे. ती म्हणाली, "तुला जिभेला हाड नाही." कात्री आपटली. मीही दार आपटून आले. चाळिशी ओलांडलेल्या दोन बायका!

पण वाटेत वाटलं — सुट्टी देईन म्हणते. सुट्टी द्यायची हे तिला कळणार कसं? पुराचा भोंगा वाजवायचा तोही त्याच मोजपट्टीवरून. साठ सेंटिमीटर उशिरा.

२५ फेब्रुवारी

विचारलं शेवटी. सकाळी, ते दाढी करत होते तेव्हा. आरशात बघून बोलणं दोघांनाही सोपं गेलं.

मी तारखा सांगितल्या. रंगारी, गाळ, खिळा, सगळं. ते वस्तरा धूत राहिले.

"अकराला गेलो नदीवर," म्हणाले. "०.१५ दिसलं. एकला पाऊण मीटर होतं. वाटलं, आटली. ऊनच तसलं होतं त्या वर्षी. शून्य हललं असेल असं मनातसुद्धा आलं नाही. मधले दिवस अंदाजाने जोडले."

"रिकामे का नाही सोडलेत?"

"घर रिकामं झालं होतं. वही तरी भरलेली असू दे म्हटलं." मग म्हणाले, "वहीत मी—" आणि थांबले. आरशातून माझ्याकडे बघितलं. "जाऊ दे. किती मुलं म्हणालीस?"

"त्रेचाळीस."

"विचार करतो."

राग कुठे गेला कळलं नाही. ऑफिसला जाताना रडले थोडी.

१ मार्च

  आज सकाळी बाबा अंघोळ करून, बूट घालून कुठेतरी निघाले. निवृत्तीनंतर नदीकडे फिरकले नव्हते. खिडकीतून बघितलं, पुलाच्या दिशेने वळले. घड्याळात आठला पाच कमी.

४ मार्च, मंगळवार

सही झाली!

नमुना मी भरते म्हटलं, तर नाही म्हणाले. स्वतः लिहिलं, कोंबडीच्या पायांनी. 'अकरा वर्षांपूर्वी २ मे ते १० मे मी नदीवर गेलो नाही. त्या दिवसांचे आकडे अंदाजाचे आहेत. त्याच दिवसांत मोजपट्टी नव्याने रंगवली गेली. शून्य हललेलं माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी.' 'माझी'खाली दोनदा रेघ.

मग उठून दारामागचं मानपत्र काढलं, काच पुसली आणि कपाटात चादरींखाली ठेवलं. ताई तेवढ्यात आली. तिला वाटलं होतं कोसळतील. कसले कोसळतात! चहा मागितला, साखर कमी म्हणून माझ्यावर खेकसले, आणि पुलाखालचा गाळ किती फूट असेल यावर अर्धा तास बोलले. किती दिवसांनी इतकं बोलले!

ताई निघताना दारात माझा हात दाबून गेली. समेट झाला असं धरते.

१२ मार्च

मान्य! राजधानीच्या बाईंचा स्वतः फोन. ११ मेपासूनच्या प्रत्येक आकड्यात साठ मिळवायचे. सर्वोच्च पातळी ६.७०. बालवाडी रेषेच्या आत.

आणि आपलं शहर आजपासून 'जास्त जोखीम'. साहेबांचा चेहरा उतरला. "काय मिळवलंत? चांगले कमी जोखमीत होतो!" मी म्हटलं, साहेब, जोखीम तेवढीच आहे, फक्त आता आपल्याला माहीत आहे. माझ्या तोंडून हे इतकं नीट कसं आलं देव जाणे. एरवी मला उत्तर घरी पोचल्यावर सुचतं.

बाई शेवटी म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना सांगा, अठरा शहरांतून शून्य तपासायला लावतेय मी आता. तीन ठिकाणी सरकलेलं निघालंय आत्ताच." बाबांना सांगितलं. "तीनच?" म्हणाले. पण दिवसभर गुणगुणत होते.

२९ मार्च

मुदतीच्या दोन दिवस आधी! कुणाचा विश्वास बसणार नाही.

आधी गाळ उपसला. साठ सेंटिमीटर खाली जुनं शून्य निघालं, दगडात कोरलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! रंगाऱ्याने त्यावर हात फिरवला आणि एकदम शरमला. "असं कोरलेलं होतं होय!" बाबा काठावर खुर्ची टाकून बसले होते. त्याला म्हणाले, "तू विसरलास, मी विसरलो, दगडाने लक्षात ठेवलं. रंगव आता." मग एकेका आकड्याला "जरा डावीकडे, जरा डावीकडे" करून त्याचा जीव खाल्ला.

दुपारी निळी रेघ भिंतींवरून निघाली. इस्त्रीवालीच्या खोलीत ती बरोबर खिळ्याखालून गेली.  ती नुसती खिळ्याकडे बघायची आणि माझ्याकडे बघायची. शेवटी मीच म्हटलं, "बरोबर होतं तुमचं." "मला ठाऊक आहे की," म्हणाली, आणि माझी ओढणी फुकट इस्त्री करून दिली.

बालवाडीत रेघ आली तेव्हा मुलांनी गलका केला. एकेक जण पाठ टेकवून मापून घेत होता. कुणाच्या गुडघ्याला, कुणाच्या त्याच्याही वर. त्यांना गंमत. ताई मात्र त्या रेघेकडे बघत खूप वेळ उभी राहिली.

१६ एप्रिल

टेकडीवरची जागा मिळाली. पाण्याच्या टाकीजवळ, दोन मोठी झाडं आतच. जूनपर्यंत तात्पुरत्या खोल्या, इमारत पुढच्या वर्षी. भोंग्याचीही चाचणी झाली. मोठ्याने वाजला, सगळी कुत्री ओरडली, साहेब दचकून खुर्चीतून उठले.

दोनशे चौदा पानांपैकी आपली तीन झाली. उरलेल्या दोनशे अकराची आता भीती वाटत नाही.

२१ एप्रिल, सोमवार

गोदामातून अकरा वर्षांपूर्वीची मूळ वही आली. बाबांच्या हातची.

२ मे ते १० मे. प्रत्येक ओळीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, वेडंवाकडं : 'मी गेलो नाही. आकडा अंदाजाचा.' नऊ वेळा. ७ मेपुढे आणखी दोन शब्द — 'ती गेली.'

त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. शेरे उतरवले नाहीत ते मी.

आठवलं. त्या डिसेंबरात, जेवणाच्या टेबलावर. त्या पानाकडे मला बघवेना. शेऱ्याच्या रकान्यावर फूटपट्टी आडवी ठेवली आणि नुसते आकडे उतरवले, सुरेख अक्षरात. आणि विसरून गेले.

बाबांना वही दाखवली. त्यांनी ती बंद करून माझ्या हातात दिली. "समोरच बसलो होतो मी. तू फूटपट्टी ठेवलीस ते बघितलं. म्हटलं, राहू दे."

पान १९० चा आणखी एक कोरा नमुना आहे माझ्याकडे. उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवते. माझी सही राहिली आहे.